तट, तटबंदी आणि ‘दोन तट’

गोव्यातले मराठी वर्तमानपत्र पावसाळ्यातल्या कुठल्याही सकाळी उघडून पाहा. एका पानावर तटरक्षक दलाने समुद्रात अडकलेल्यांना सोडवल्याची बातमी असते. दुसऱ्या पानावर कुठल्यातरी किल्ल्याचा तट ढासळल्याचा फोटो असतो. आणि गावोगावच्या बातम्यांत देवस्थानाच्या नाहीतर पंचायतीच्या वादावरून ‘गावात दोन तट पडले’ असे छापलेले असते. शब्द तिन्हीकडे एकच. पहिल्या बातमीत तो किनारा आहे, दुसऱ्या बातमीत भिंत आणि तिसऱ्या बातमीत माणसांचा गट.

निवडणूक जवळ आली की यात आणखी भर पडते. कुणाच्या बालेकिल्ल्याला सुरुंग लागतो, कुणाचा बुरूज ढासळतो, कुणाच्या गडाला खिंडार पडते, आणि सगळ्यांची मोर्चेबांधणी चालू असते. हे शब्द आपण रोज वाचतो. पण खरा तट कसा असतो, तो तसाच का बांधतात आणि का पडतो, हे आपल्याला सहसा कुणी सांगितलेले नसते. शाळेत किल्ल्याचे नाव आणि साल पाठ करून घेतात, भिंत समजावून देत नाहीत.

2025 च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांतले 11 महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तामिळनाडूत. तेव्हापासून एक प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे: आपले गोव्यातले किल्ले असे बुटके का? रायगड पाहून आलेला माणूस गोव्यातल्या शापोरा किल्ल्यावर जातो आणि हिरमुसतो. त्या हिरमुसण्याला उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

आधी शब्द पाहू

‘तट’ म्हणजे मुळात नदीचा किंवा समुद्राचा काठ. त्याचेच मराठमोळे रूप ‘तड’. काम तडीस नेणे म्हणजे पलीकडच्या काठाला लावणे, आणि पोलीस ज्याला तडीपार करतात तो मूळ अर्थाने नदीच्या काठापलीकडे घालवलेला. ‘तटस्थ’ म्हणजे काठावर उभा राहिलेला, प्रवाहात न उतरलेला.

काठासाठी असलेला शब्द भिंतीला का मिळाला? माणसाला शत्रूपासून वाचवणारी पहिली अडचण नदीचीच होती, भिंत नंतर आली, असे मला वाटते. नदीच्या दोन काठांवरून एकमेकांकडे पाहणारी माणसे म्हणजे ‘दोन तट’. तीन अर्थ तीन दिशांना गेले, तरी मूळ एकच आहे. आणि गोव्यात तर पहिले दोन अर्थ खरोखरच एकमेकांत मिसळलेले आहेत, ते पुढे येईलच.

आता किल्ल्यावरचे मोजके शब्द. तटातून पुढे आलेला गोल किंवा कोनदार भाग तो बुरूज. तटाच्या माथ्यावरून पहारेकरी फिरायचे ती वाट म्हणजे फांजी. फांजीच्या बाहेरच्या कडेला माणसाला आडोसा देणारे दगडी दाते म्हणजे चर्या, आणि बंदूक रोखायला ठेवलेली भोके म्हणजे जंग्या. तटाबाहेरचा चर तो खंदक. एवढ्यावर पुढचे सगळे समजेल.

खणलेली माती टाकायची कुठे?

आपल्याकडे भाटाला, म्हणजे माडांच्या बागेला, दगडी कुंपणाचा गडगा घालतात. चिऱ्यावर (लाल जांभ्या दगडावर) चिरा, मध्ये चुना नाही की माती नाही. गाय-म्हैस अडते, माणूस मनात आणले तर ओलांडतो. पुष्कळांच्या डोक्यात किल्ल्याचा तट म्हणजे असाच, फक्त उंच गडगा असतो. खरे तर तटाची कल्पना निघाली मातीच्या ढिगातून. गावाभोवती चर खणला तर निघालेली माती कुठेतरी टाकावीच लागते. ती आतल्या बाजूला टाकली की एकाच श्रमात दोन गोष्टी होतात, बाहेर खंदक आणि आत उंचवटा. शत्रूला आधी खाली उतरावे लागते आणि मग दुप्पट उंची चढावी लागते. त्या मातीने ढासळू नये म्हणून तिला बाहेरून दगड लावला, आणि वर चालायला फरसबंदी केली.

म्हणजे तट हा दगडी सालीचा मातीचा बांध आहे, असे मनात धरून ठेवावे. डोळ्यांना साल दिसते, काम मात्र पोटातली माती करते. ढासळलेल्या तटाच्या फोटोत चिऱ्यांच्या मागे लाल माती दिसते. ते पाहून ‘आत नुसती मातीच भरली होती’ असे लोक म्हणतात, जणू कंत्राटदाराने फसवले. ती माती मुद्दाम भरलेली असते.

तोफ आली आणि भिंत बुटकी झाली

जोवर शत्रूकडे शिड्या आणि बाण होते तोवर उंच तट चांगला. तोफ आल्यावर हिशेब उलटला. उंच आणि पातळ भिंत हे तोफेचे सोपे लक्ष्य. लोखंडी गोळा बसला की दगड तडकतो, आणि वरचा भाग स्वतःच्याच वजनाने खाली येतो. तांदळाचे पोते आणि मातीची घागर शेजारी ठेवून दोन्हींवर ठोसा मारा. घागर फुटते, पोते फक्त दबते. पंधराव्या-सोळाव्या शतकात युरोपातल्या किल्लेबांधणीने घागर सोडून पोते धरले. तट बुटके, जाड, पायाकडे बाहेर उतरते होत गेले, आणि दगडामागे मातीचा भराव आला. पोर्तुगीज ही विद्या घेऊन इथे आले. म्हणून गोव्यातल्या आग्वाद किल्ल्याचा तट दुरून पाहिला तर जमिनीला चिकटलेला दिसतो. तो तसाच दिसावा अशी योजना होती. समुद्रावरच्या जहाजातून नेम धरणाऱ्याला मारायला जागा जितकी कमी तितके बरे.

सह्याद्रीतल्या किल्ल्यांचा हिशेब वेगळा. तिथे डोंगराचा ताशीव कडा हाच तट होता. तोफा वर चढवणेच अवघड, चढवल्या तरी त्या मांडायला सपाटी नाही. म्हणून कड्यात जिथे फट असेल तेवढीच भिंतीने भरली. राजगडाच्या संजीवनी माचीवर तटापुढे दुसरा तट घालून जी दुहेरी चिलखती बांधणी केली आहे ती पाहून आजचा वास्तुशास्त्रज्ञही थक्क होतो. गोव्यात नदीमुखाशी असा कडा कुठून आणायचा? इथल्या टेकड्या बुटक्या आणि शत्रू बोटीतून येणारा. काळ्या पाषाणाचे शहाणपण लाल चिऱ्याला लावून पाहू नये.

बुरूज कशासाठी, हे समजायला किल्ल्यावर जायची गरज नाही. पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभे राहा. बरोबर बाल्कनीखाली कुणी उभा असेल तर तो तुम्हाला दिसत नाही, शेजारच्या घरातून मात्र दिसतो. सरळ तटाची हीच अडचण होती. शत्रू एकदा पायथ्याला चिकटला की वरच्याला तो दिसेना. बुरूज तटाच्या पुढे येतो तो शेजारच्या बाल्कनीचे काम करायला. या बुरुजावरचा माणूस त्या बुरुजाचा पायथा राखतो आणि तो याचा. एकटा बुरूज स्वतःला वाचवू शकत नाही. गोल बुरुजाच्या नाकाखाली थोडी आंधळी जागा उरतेच, म्हणून युरोपीय बांधणीत बुरूज टोकदार झाले.

आग्वाद 1612 साली पुरा झाला. त्याच्या पोटात पाण्याचे जे टाके आहे त्यात जवळजवळ 24 लाख गॅलन पाणी मावते. किल्ल्याचे नावच पाण्यावरून पडले, कारण लांबच्या प्रवासाची जहाजे इथे पाणी भरत. पर्यटक तटावर फोटो काढतात आणि टाक्यावरून चालत जातात, आपण कशावरून चाललो हे पुष्कळांना ठाऊकही नसते. वेढ्यात तटाआधी पाणी संपते. ज्याने एवढे टाके बांधले त्याला हे पक्के माहीत होते.

तिसवाडीचा खंदक देवाने खणलेला

तिसवाडी, म्हणजे पणजी आणि जुने गोवे ज्या तालुक्यात आहेत तो, हे बेट आहे हे पुलांमुळे आपण विसरलो. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, आणि पूर्वेला दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. हाच तिसवाडीचा पहिला तट. मगरी आजही त्या कालव्यात आहेत. शत्रूने पोहून येऊ नये म्हणून त्या पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी सोडल्या असे जुनी माणसे सांगतात. खरे असो वा नसो, त्या पाण्यात रात्री उतरायची कुणाची छाती झाली नसती हे नक्की. जिथे पाणी अरुंद, तिथेच भिंत आणि चौकी हवी होती. बाणस्तारी, गवंडाळी, धावजी ही नावे आज आपल्याला बसच्या पाटीवरची वाटतात. एके काळी ती राजधानीच्या कुलपाची छिद्रे होती.

हा पाण्याचा तट दोन्ही बाजूंनी कापतो हे पोर्तुगीज सेनापती अफोंसो द आल्बुकेर्कला 1510 मध्येच कळले. वर्षाच्या सुरुवातीला त्याने गोवा शहर (आजचे जुने गोवे) घेतले, मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्याला हुसकावून जहाजांवर पाठवले. तेवढ्यात पावसाळा आला. खवळलेल्या समुद्रामुळे नदीतून बाहेर पडता येईना आणि काठावर उतरता येईना. महिनोन् महिने तो मांडवीतच उपासमारीत अडकून पडला. ऑगस्टमध्ये सुटला, आणि 25 नोव्हेंबरला परत येऊन त्याने शहर जिंकले. पुढे 1570 मध्ये अली आदिलशहाने पलीकडच्या काठावर प्रचंड फौज आणून बसवली. वेढा पुढच्या वर्षापर्यंत चालला, तरी बेट हाती आले नाही.

आणि मग 1683. हे साल मी थोडे सावकाश सांगतो, कारण तटाबद्दलचे जवळजवळ सगळे धडे त्या एका महिन्यात आहेत.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला. किल्ला मराठ्यांकडे होता. तोफांनी तटाला भगदाड पाडले. पुस्तकी हिशेबाने किल्ला पडायला हवा होता. पण आत येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी होते, आणि मोजकी पण न हटणारी माणसे. भगदाडाच्या आत माणसांचाच तट उभा राहिला. त्यांनी जे दिवस कमावले तेवढ्यात छत्रपती संभाजी महाराज कुमक घेऊन येऊन पोचले आणि व्हाइसरॉयला दुर्भाटच्या वाटेने मागे फिरावे लागले. कृष्णाजी या लढाईतल्या जखमांनी गेले.

त्याच महिन्याच्या 24 तारखेच्या रात्री उलटा प्रसंग घडला. जुवे बेटावरचा पोर्तुगीज किल्ला शाबूत होता, तटाला ओरखडाही नव्हता. मराठ्यांनी ओहोटीची वेळ साधली, रात्री बेटावर उतरले आणि किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी तो परत मिळवायला गेलेला व्हाइसरॉय स्वतः जखमी होऊन जेमतेम निसटला. त्याने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला राजदंड ठेवला, आता तूच राख म्हणून. शहर वाचले ते मुघल शहजादा शाह आलम मोठी फौज घेऊन कोकणात उतरला आणि महाराजांना तिकडे वळावे लागले म्हणून.

फोंड्याचा तट फुटला आणि किल्ला राहिला. जुव्याचा तट राहिला आणि किल्ला गेला.

मग तटाचा उपयोग तरी काय?

हा प्रश्न इथे येणारच. उत्तर असे की तट हा वेळ विकत घेण्यासाठी असतो. कुमक येईपर्यंत, पावसाळा लागेपर्यंत, शत्रूचा दाणागोटा संपेपर्यंत. पाच दिवस मिळाले की पाच दिवसांची किंमत वसूल झाली. ‘अभेद्य तटबंदी’ हा शब्दप्रयोग गोष्टींत शोभतो, किल्ला बांधणाऱ्याच्या डोक्यात तो कधी नसतो. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला. ती भिंतही पोर्तुगीजांनी उत्तम बांधलेली होती. सुमारे तीन महिने ती टिकली. मराठ्यांनी जमिनीखालून बुरुजांपर्यंत बोगदे नेऊन सुरुंग उडवले आणि मे महिन्यात किल्ला शरण आला. गोव्याहून पुरेशी कुमक वेळेवर पोचली असती तर तेच तीन महिने पुरले असते.

आणि काही शत्रू तटाकडे पाहतही नाहीत. डचांनी 1636 पासून काही वर्षे दर हंगामात मांडवीच्या तोंडाशी आरमार आणून नांगरले. ना शिडी, ना सुरुंग. जहाजांचे येणे-जाणे बंद पडले आणि व्यापारावर जगणारे शहर आतून वाळत गेले. त्याहून घातक होती रोगराई. जुन्या गोव्याला तापाच्या आणि पटकीच्या साथींनी पोखरले. सच्छिद्र जमिनीतून घाण विहिरींत झिरपे. शेवटी व्हाइसरॉयने 1759 मध्ये पणजीला मुक्काम हलवला आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. शहराभोवतीचा तट होता तिथेच होता, राखायला शहर उरले नव्हते.

वर्तमानपत्रातला बालेकिल्ला

आता ते निवडणुकीचे शब्द घेऊ. ‘बाला’ म्हणजे फारसीत वरचा. बालेकिल्ला म्हणजे किल्ल्याच्या आतला, सगळ्यांत उंचावरचा आणि शेवटचा भाग. आपल्या देवळांत बाहेर अंगण, मग सभामंडप, मग चौक आणि शेवटी गर्भकूड असते, तशी ही रचना. एखाद्या पक्षाने राज्यभर जागा गमावल्या आणि एकच मतदारसंघ राखला, तर तो खऱ्या अर्थाने बालेकिल्ला. जिथे नेहमी सहज जिंकतो अशा कुठल्याही जागेला बालेकिल्ला म्हणणे म्हणजे अंगणाला गर्भकूड म्हणणे झाले.

‘सुरुंग लावणे’ हा शब्द फार नेमका आहे. खूप जणांच्या मते तो ग्रीक भाषेतल्या नळी या अर्थाच्या शब्दापासून संस्कृतात आला, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही तो बोगद्यासाठी आहे. सुरुंग समोरून लागत नाही. तो जमिनीखालून, दिवसेंदिवस, आवाज न करता खणतात. म्हणून पक्षातली माणसे आतून फुटतात तेव्हा ‘सुरुंग लागला’ म्हणावे. खुल्या प्रचारात हरलेल्या जागेला ते म्हणू नये. खिंडार म्हणजे तटाला पडलेले भगदाड, आणि खिंडार पडले म्हणजे किल्ला गेला असे नाही, हे फोंड्याने दाखवले आहे. मोर्चा म्हणजे आज घोषणा देत निघालेला जमाव, पण मूळचा मोर्चा म्हणजे तोफा लावण्यासाठी वेढा घालणाऱ्याने बांधलेली आडोशाची जागा. ‘मोर्चेबांधणी’मध्ये ते बांधणे अजून शिल्लक आहे.

रूपक वापरताना इतका कीस कशाला काढायचा, असे कुणी म्हणेल. माझे म्हणणे इतकेच की हे शब्द आपल्या पूर्वजांनी घाम गाळून कमावले आहेत. ते नीट वापरले तर एका शब्दात पूर्ण परिस्थिती सांगतात.

आत वळलेला तट

बाहेरच्याला अडवणारी भिंत आतल्यालाही अडवते. आग्वाद, रेईश मागूश, खोलगड (ज्याला पोर्तुगीज काब द राम म्हणत) हे तिन्ही किल्ले पुढे तुरुंग झाले. शत्रू उरला नाही तेव्हा राज्यकर्त्यांनी तटाचे तोंड आपल्याच लोकांकडे फिरवले. गोव्याच्या स्वातंत्र्याची मागणी करणारे त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांना 1946 मध्ये पकडून आग्वादच्या कोठडीत ठेवले आणि मग पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवले. 1961 च्या 18 डिसेंबरला भारतीय सैन्य गोव्यात शिरले. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज सत्ता शरण आली. साडेचार शतकांच्या तटांनी त्या दोन दिवसांत काहीच राखले नाही. पण आग्वादच्या तुरुंगातल्या कैद्यांना सोडवायला गेलेले मेजर एस. एस. सिद्धू मात्र तिथे धारातीर्थी पडले.

पावसात तट का ढासळतो?

आता त्या फोटोकडे परत येऊ. तोफांना पुरून उरलेला तट पावसाला का शरण जातो?

कारण त्याच्या पोटात माती आहे. गोव्यात वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे सपाट जमिनीवर साचू दिला तर तीन मीटर उंचीचे पाणी. ते फांजीच्या फटींतून भरावात मुरते. बाहेर जायला वाट असेल तर ठीक. म्हणूनच बांधणाऱ्यांनी तटात पाणी वाहून जायची भोके ठेवलेली असतात. ती बुजली, पालापाचोळ्याने भरली किंवा दुरुस्ती करताना कुणी लिंपून टाकली, की भिंतीमागे पाणी चढते. पाच मीटर पाणी साचले तर तळाशी दर चौरस मीटरवर पाच टनांचा रेटा असतो, आणि तटाच्या प्रत्येक एक मीटर लांबीवर मिळून साडेबारा टन. शिवाय ओल्या मातीचा दाब वेगळा. हा रेटा आतून बाहेर असतो, आणि तट तर बाहेरून आत येणाऱ्या गोळ्यासाठी बांधलेला. वरून पिंपळ किंवा वड रुजतो. त्याचे मूळ चिऱ्यांच्या सांध्यात केसाएवढे शिरते आणि पाच-दहा वर्षांत मनगटाएवढे होते.

चिऱ्याचा स्वभावही ध्यानात घ्यायला हवा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवा लागली की कडक होतो. त्याचे लॅटेराइट हे शास्त्रीय नाव 1807 मध्ये फ्रान्सिस बुकाननने विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून दिले, कारण मलबारात तो विटेसारखा कापून वापरताना त्याने पाहिला. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि पाणी सोडतो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा देत.

‘मग एकदाचे सिमेंट का नाही मारत?’ हे मी फार ऐकतो. जूनच्या उकाड्यात प्लास्टिकचा रेनकोट घालून डोंगर चढलेला माणूस आठवा. पाऊस बाहेरच राहिला, पण घामाने तो आतून भिजला. सिमेंट चिऱ्याला तसा रेनकोट घालते. चुना सुती सदऱ्यासारखा, ओल आत घेतो आणि उन्हात बाहेर सोडतो. सिमेंटच्या सालीमागे ओल कोंडते, चिरा भुसभुशीत होतो, आणि एके दिवशी ती साल चिऱ्याचा पापुद्रा घेऊनच खाली येते. सिमेंट वाईट नाही, ते या भिंतीसाठी नाही. आणि चुन्याचे काम जाणणारा गवंडी आज मिळणे कठीण, ही मला सगळ्यात मोठी काळजी वाटते. किल्ला पडला तर फोटो तरी येतो. हातातली विद्या गेली तर कुणाला कळतही नाही.

किल्ल्याजवळ राहणाऱ्यांची एक खरी तक्रार असते. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. घराची साधी डागडुजी करायची तर कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागतात. हा त्रास खोटा नाही आणि तो कमी व्हायला हवा. पण तटापुढची मोकळी जमीन हा किल्ल्याचाच भाग होता, एवढे सांगावेसे वाटते. शत्रूला झाड, घर, खडक, कशाचाही आडोसा मिळू नये म्हणून ती मुद्दाम मोकळी ठेवत. ती भरून टाकली तर उरलेली भिंत कशासाठी होती हे पुढच्या पिढीला कळणार नाही.

‘परक्यांचे किल्ले आपण का जपायचे?’

हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो विचारणाऱ्याच्या मनात जखम असते. पहिली गोष्ट, सगळे किल्ले परक्यांचे नाहीत. तेरेखोल आणि हळर्ण सावंतवाडीकर भोसल्यांचे. पोर्तुगीजांनी ते 1746 मध्ये घेतले. बेतूलचा किल्ला शिवाजी महाराजांच्या काळातला. सत्तरीतल्या नाणूसच्या किल्ल्यावरून दीपाजी राणे यांनी 1852 मध्ये पोर्तुगीजांविरुद्ध बंड उभारले. खोलगड पोर्तुगीजांच्या हाती आला 1763 नंतरच्या काळात, त्याआधी तो सौंद्याच्या राजांकडे होता. दुसरी गोष्ट, जे पोर्तुगीजांनी बांधले त्यांचाही चिरा इथल्याच खाणीतला. आणि तिसरी, 1954 च्या 15 ऑगस्टला सत्याग्रही तेरेखोलच्या तटावर चढले आणि त्यांनी तिरंगा फडकवला. तो तट आज पडला तर पोर्तुगीजांचे काही जात नाही, त्या सत्याग्रहींची जागा जाते.

ज्या तटाला कुणी तट म्हणत नाही

गोव्यातली सगळ्यात लांब आणि सगळ्यात जुनी तटबंदी कुठल्याच पर्यटन नकाशावर नाही. ती म्हणजे खाजनाचे बांध. नद्यांच्या खाऱ्या पाण्यापासून शेती राखायला पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी इथल्या गावकऱ्यांनी चिखल, पेंढा, बांबू आणि चिरे वापरून ते घातले. राज्यात सुमारे 18 हजार हेक्टर खाजन जमीन आहे, आणि तिथे खारेपणा सोसणारे कोरगूट भात पिकते. शत्रू दिवसातून दोनदा येतो, भरतीच्या रूपाने, आणि कधी तह करत नाही.

या तटाचा दरवाजा म्हणजे मानस. लाकडी झडप अशी बसवलेली असते की भरती चढली की बाहेरचे पाणीच तिला रेटून मिटवते, आणि ओहोटी लागली की आतले पाणी तिला उघडून नदीला जाते. त्याच तोंडाशी जाळे लावून मासे धरतात. किल्ल्याच्या दरवाजाला पहारेकरी लागतात, हा दरवाजा चंद्राच्या हुकमावर चालतो. मी पाहिलेल्या कुठल्याही बुरुजापेक्षा मला मानशीची ती झडप थोर वाटते.

हे बांधही आता जागोजागी फुटत आहेत. शेती सुटली, मासळीसाठी खारे पाणी मुद्दाम आत घेतात, गावची देखरेख सैल झाली. बांध फुटला की शेतात खारे पाणी शिरते आणि नंतरची काही वर्षे ती जमीन भात देत नाही.

माझे आजोळ तिसवाडीतले. अवस-पुनवेच्या मोठ्या भरत्या जवळ आल्या की आजोबा संध्याकाळी खोरे घेऊन बांधावरून चालत जायचे, मी मागून. ते खाली वाकून कुर्ल्यांची बिळे शोधत आणि चिखलाने बुजवत. बोटाएवढे भोक दोन भरत्यांत हाताएवढे होते आणि चौथ्या भरतीला माणूस त्यातून जातो, असे ते सांगत. एक बीळ बुजवायला त्यांना खोऱ्याचे तीन घास पुरत, आणि मग ते पायाने वरची माती दाबून पुढच्या बिळाकडे वळत.